पिवळी टोपी आणि खिडकीसमोरचा वाफा

मी, म्यूरिएल थॅकरे, वय एकाहत्तर, राहणार अॅशकोंब, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. दडपण आहे ते भीतीचं. गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे आणि मला फार भीती वाटते.

१. माझे पती सिरिल हयात असेपर्यंत घरात तेच राहतील. त्यानंतर घर भाची ज्युडिथला. बागेत गाडीसाठी फरशी घालायचा तिचा बेत मला ठाऊक आहे. तोवर तिने कळ काढावी.

२. सिरिलची स्मरणशक्ती गेली आहे. घरात तो मला "अहो बाई" म्हणतो. पण मी पिवळी टोपी घालून खिडकीसमोरच्या वाफ्यात वाकले, की काचेवर टकटक करतो. "म्यूरिएल, चहा घेतेस का गं?" त्यासाठीच मी पिओनीची झुडपं उपटून टाकली, ती आठवडाभर फुलून मिरवतात आणि संपतात. निळं जिरेनियम, कॉसमॉस, डेलिया, स्वीट पी अशी महिनोन्महिने फुलणारी झाडं लावली. जूनपासून दव गोठेपर्यंत मला वाफ्यात काम हवं होतं. वाफा रिकामा झाला तर तो मला कुठे शोधेल?

३. माझी बागेची कात्री शेजारीण डोरीन पिक हिला. हिच्यावर माझा राग आहे. गेल्या वर्षी आम्ही समुद्रावर गेलो तेव्हा हिला स्वीट पीची फुलं रोज तोडायला सांगितली होती. येऊन बघते तर वेलींना शेंगा! शेंग धरली की वेल फुलायची थांबते. वर म्हणते, "दुसऱ्याच्या बागेतली फुलं तोडणं बरं दिसतं का?" तिच्या सभ्यतेपायी माझा उन्हाळा वाया गेला. डोरीन, या वेळी लाजू नकोस.

काल ती म्हणाली, "काहीतरीच! येशील परत."

"आणि नाही आले तर?"

ती उठून कप विसळायला लागली.

४. पिवळी टोपीही डोरीनला. ती घालूनच वाफ्यात जावं. सिरिलने माझ्या नावाने हाक मारली तर त्याची चूक काढू नये. "हो, घेते," म्हणावं. त्याचा चहा पाणचट असतो, तरी प्यावा.

स्थळ: अॅशकोंब. ७ जुलै १९९८.
सही: म्यूरिएल थॅकरे
साक्षीदार: नॉर्मन गिल, पोस्टमन; हिल्डा क्रॉस, चर्चच्या ऑर्गनवादक. (डोरीनला यातून काही मिळणार असल्याने तिची साक्ष चालत नाही.)

माझी सही मधेच वाकडी झाली आहे, ती खोटी समजू नये. त्याच वेळी डोरीन तालीम म्हणून माझी टोपी घालून वाफ्यात उतरली. सिरिलने काचेवर टकटक करून "म्यूरिएल!" अशी हाक मारली. मी त्याच्या शेजारीच बसले होते.