जनरलचा पहारा

२४ ऑगस्ट, रविवार, सकाळ

आजपासून रोजनिशी. कारण एकच, जनरलचं ट्रेनिंग.

जनरल म्हणजे आमचा कुत्रा. सगळ्यांचं म्हणणं, कुत्रा बिघडलाय. खाण्याजवळ कोणाला येऊ देत नाही, माणसांजवळही येऊ देत नाही. यात बिघडलं काय? राखण करणं हा कुत्र्याचा धर्म आहे. फक्त कधी राखायचं आणि कधी सोडायचं, हे सांगणारा लीडर हवा. तो घरात आहे. पाटबंधारे खात्यात आख्खा सेक्शन माझ्या एका हाकेवर उठायचा-बसायचा. मी रिटायर झालो, आवाज झालेला नाही.

नाव मी ठेवलं. लतिका, म्हणजे माझी बायको, त्याला गुंड्या म्हणते. सध्या तो गुंड्या म्हटलं की येतो आणि जनरल म्हटलं की बघतो. येईल हळूहळू.

पिल्लू असताना घोटीजवळ हायवेला सापडला. लतिकेने उचलला, पण गाडी मी थांबवली होती. पुढे टोलची रांग होती हा भाग वेगळा.

त्याच दिवशी, संध्याकाळ

व्हिडिओत दाखवलं होतं तसंच केलं. खाता खाता ताटली काढून घ्यायची आणि परत द्यायची, म्हणजे अन्न मालकाच्या हातून येतं हे त्याला कळतं. काढून घेतली. परत द्यायची वेळ आली नाही.

दात लागले, चावला नाही. यात फरक आहे. लतिकेला तो कळला नाही. डॉक्टरांनाही कळला नाही, त्यांनी इंजेक्शनचा कोर्स चालू केला.

२९ ऑगस्ट

गणपती बसलेत. आरतीला मी वरच्या पट्टीत सुरुवात केली की जनरल उठून लतिकेच्या पायाशी जातो आणि माझ्याकडे तोंड करून बसतो. आरती संपेपर्यंत नजर हलवत नाही. एवढी निष्ठा आजकाल माणसांत दिसत नाही. शेवटी शेवटी बारीक आवाजही काढतो. त्याला सूर कळतो.

ताटली काढून घेण्याचा प्रयोग आज पुन्हा केला. या वेळी क्रिकेटचा ग्लोव्ह घालून. ग्लोव्ह गेला.

३ सप्टेंबर

गेले काही दिवस हॉलमधल्या दिवाणावर झोपतो आहे. जनरल बेडरूमच्या उंबऱ्यात आडवा पडतो. लतिका आत असली की मला आत सोडत नाही. लतिकेचं म्हणणं, हे आता फार झालं. मला त्यात प्लॅनिंग दिसतं. आत तो, बाहेर मी, म्हणजे घराला दोन पहारेकरी झाले. शिवाय दिवाण पाठीला चांगला. डॉक्टरांनी कडक अंथरूण सांगितलंच होतं. मला नाही, शेजाऱ्यांना.

९ सप्टेंबर

दुपारी भाजीत मीठ नव्हतं. लतिकेला तेवढंच सांगितलं. सांगितलं म्हणजे माझा आवाजच मोठा आहे, त्याला मी काय करू. जनरल मध्ये येऊन उभा राहिला आणि गुरगुरला. बहुधा भाजीवर.

लतिका त्याच्या डोक्यावर हात फिरवत बसली. असे लाड केल्यावर कुत्र्याला शिस्त लागणार कशी?

१४ सप्टेंबर, रविवार

आज बाबांचं श्राद्ध होतं, अष्टमीचं.

दादा आणि वहिनी आले होते. गुरुजींचं आटोपलं. कावळ्याचं पान गच्चीवर ठेवलं: खीर, वडे, भात, सगळं. कावळा शिवला की जेवायचं, ही घरची पद्धत. कावळे आले. टाकीवर रांगेने बसले. खाली उतरेनात.

वर जाऊन बघतो तर जनरल पानासमोर बसलेला. स्वतः एक शीत खाल्लेलं नाही. फक्त राखत होता. मला अभिमानच वाटला. दादाला वाटला नाही. त्याला शुगर आहे, तो भुकेने लाल झाला होता.

मी दरडावून उठ म्हटलं. उठला नाही, दात दाखवले. गुरुजींना पुढे दोन ठिकाणी जायचं होतं, ते सारखे मोबाइलमध्ये वेळ बघत होते. मग दादाने कावळ्यांना हात जोडले आणि म्हणाला, बाबा, तुमची काय इच्छा राहिली असेल ती पुरी करू, पण शिवा. त्याने जुन्या घरातला वाटा सोडतो म्हटलं नाही, वहिनीने आईच्या सोन्याचं नाव काढलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दादा म्हणाला, दिवाकर, बाबांना तो कुत्रा आवडत नसणार. बाबा गेले तेव्हा कुत्रा जन्मालाही आला नव्हता. तरी मी म्हटलं. भुकेचा विचार करून, सगळ्यांच्या. मोठ्याने म्हटलं, बाबा, या जनरलला घराबाहेर करतो, शब्द देतो.

नेमकी त्याच वेळी लतिका जिन्यातून म्हणाली, गुंड्या, चल खाली. तो उठून गेला. आणि कावळ्यांनी अशी झडप घातली की खिरीचा द्रोण टाकीपर्यंत उडाला.

दादा म्हणाला, बघ. गुरुजी म्हणाले, वडील तृप्त झाले. जेवायला बसले सगळे.

ज्या बाबांसाठी मी आयुष्यभर कधी उलट बोललो नाही, त्यांनी मला असं कात्रीत पकडावं? मी वडे खाल्ले, पण मन लागलं नाही. सहाव्या वड्यानंतर थांबलो.

१६ सप्टेंबर

शब्द दिलाय तर पाळणार. आपलं घराणं तसं आहे. मात्र पितृपक्षात असं कुत्रं देणं बरं दिसत नाही. आणि नंतर नवरात्रात घट बसतात. घाई नको.

ग्रुपवर टाकायला जाहिरात लिहिली: शूर, निष्ठावान, एका मालकाला वाहिलेला, उत्तम राखणदार, ट्रेन्ड. लतिकेने वाचून खाली आपली ओळ टाकली: जेवताना जवळ गेलं तर चावतो, एका माणसाजवळ दुसऱ्याला येऊ देत नाही, लहान मुलं असलेल्या घरात नको. म्हणे, लपवून दिला आणि कोणाच्या पोराला चावला तर? मी म्हटलं, चावला कोणाला आजवर? म्हणे, तुम्हाला. मी म्हटलं, मी सोडून? म्हणे, तुम्ही सोडून कोणालाच नाही.

हेच तर म्हणतोय मी. कोणालाच नाही.

२१ सप्टेंबर

गंगापूर रोडहून एक जोडपं बघायला आलं. आयटीतली माणसं. मी त्यांची नीट मुलाखत घेतली. सकाळी किती वाजता उठता, आवाज कसा आहे, पोलीस व्हेरिफिकेशन चालेल का. मुलगी म्हणाली, काका, आम्ही कुत्रा न्यायला आलोय की भाड्याने फ्लॅट घ्यायला? ऐकून घेतलं.

मग कंट्रोल दाखवावा म्हणून चहाबरोबरची खारी बशीत ठेवून जनरलसमोर बसलो. त्याने खारीला चावा घेतला. माझा अंगठा मध्ये होता.

जोडप्याने चहा अर्धा ठेवला. डॉक्टर म्हणाले, तुमचा कोर्स आताच झालाय, बूस्टरवर भागेल. बघा, सुरुवातीला घेतलेली इंजेक्शनं वाया गेली नाहीत.

लतिका संध्याकाळी जनरलजवळ बसून रडली. मला वाटतं, माझ्या अंगठ्यासाठी.

५ ऑक्टोबर, रविवार

जाहिरात बघून कारभारी आला. दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार. पूर्वी पाण्याच्या पाळीसाठी माझ्या टेबलाशी यायचा. मला बघून म्हणाला, साहेब, तुमचा आवाज अजून कानात हाय. मी खूश झालो. लतिका आत गेली.

लतिकेने त्याला सगळं सांगितलं, काही ठेवलं नाही. ताटली वेगळी द्यायची, काढून घ्यायची नाही, तो कोणासमोर बसला तर अंगावर जायचं नाही. कारभारी म्हणाला, बाई, छाटणी सुरू हाय, फवारणी हाय, आमाला कुत्र्याचं ताट काढून घ्यायला येळ कुठं? घरात ल्हान पोरं नाय, मी आन सुमन. पटलं तर ठिवू, नाय तर तुमचं तुमाला आणून देऊ.

जनरल गाडीत चढेल असं मला वाटलं नव्हतं. मालकाला सोडून कुत्रा जात नाही. मी मुद्दाम दारात उभा राहिलो, शेवटची ओढ त्याला दिसावी म्हणून. लतिका म्हणाली, गुंड्या, बस. बसला. मागे बघितलंही नाही. दुःखात बघवत नाही, माणसाचंही तसंच असतं.

गाडी गेल्यावर लतिकेच्या डोळ्यांना पाणी. मी म्हटलं, रडू नकोस, काय लहान आहेस का. नेहमीच्या आवाजात. मध्ये येऊन कोणी बसलं नाही. जरा मोकळं मोकळं वाटलं, पण बरं नाही वाटलं.

८ ऑक्टोबर

अंदाज: तो जेवणार नाही. झुरेल. दसऱ्याला सोडला असता तर निदान दिवस तरी चांगला होता. दोन-चार दिवसांत कारभारीचा फोन येईल, साहेब, घेऊन जा. आपण लगेच हो म्हणायचं नाही. थोडा भाव खायचा.

९ ऑक्टोबर

फोन केला. सुमनबाईंनी उचलला. जेवतो का विचारलं. म्हणाल्या, जेवतो तर! भाकरी दूध, भाकरी दूध. लय गुणाचं हाय.

दुःखात काही जण जास्त जेवतात.

१५ ऑक्टोबर

बेडरूममध्ये झोपायला लागलो. उंबऱ्यात आता कोणी नाही. पलंग फार मऊ आहे. लतिका कुशीवर वळून जागीच असते. विचारलं झोप येत नाही का, तर म्हणे, सवय होती. कसली ते सांगितलं नाही.

२४ ऑक्टोबर

दिवाळी संपली. फटाक्यांत तो नेहमी लतिकेच्या पलंगाखाली असायचा. यंदा पलंगाखाली नुसते धुळीचे बोळे आणि माझी चप्पल.

निर्णय घेतला आहे. जनरलला परत आणायचा. बाबांना शब्द दिला होता, घराबाहेर करतो. केला. परत घेणार नाही असं मी कधी म्हटलं होतं? दादाला फोन करून हे समजावलं. तो म्हणाला, कायदेशीर आहे, पण पुढच्या श्राद्धाला मी जेवून येईन.

रविवारी जाऊ. लतिका लगेच तयार झाली. इतक्या लगेच ती माझ्या बरोबर कुठेच निघत नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार, रात्रीचं जेवण झाल्यावर

सगळं जसं झालं तसं लिहितो.

गळ्यातला पट्टा, चकल्या, सगळं घेऊन गेलो. कारभारीच्या अंगणात सुमनबाई ओट्यावर भाकरी खात होत्या आणि जनरल त्यांच्या शेजारी, ताटाकडे पाठ करून झोपलेला. ताटाकडे पाठ! हा तोच कुत्रा का, असं वाटलं. कोणी दुसराच दिला असता तरी मी ओळखलं नसतं.

गाडीचं दार उघडताच उठला आणि धावत आला. शेपूट अशी हलत होती की अख्खं अंग हलत होतं. मी खाली वाकलो, हात पसरले. तो माझ्या हाताच्या बाजूने निघून लतिकेवर गेला. ती खाली बसली, तो तिच्या मांडीत. त्या दोघांचं किती वेळ चाललं होतं कोण जाणे.

मग मी पट्टा काढला आणि म्हटलं, जनरल, चल. नेहमीच्या आवाजात.

तो उठला. लतिकेच्या पुढे येऊन उभा राहिला. माझ्याकडे बघितलं आणि गुरगुरला. मी म्हटलं, विसरला बिचारा, नव्या जागेत असं होतं. कारभारी हसून म्हणाला, इसरला नाय साहेब, वळखलं त्यानं तुमाला.

विसरला असता तर मला वाईट वाटलं नसतं. देवाशपथ. ज्याला हायवेवरून गाडी थांबवून आणला, ज्याच्यापायी दादाशी वाकडं घेतलं, ज्याच्यासाठी एवढी इंजेक्शनं टोचून घेतली, त्याने मला ओळखावं आणि ओळखून दात दाखवावेत?

पट्टा परत गाडीत ठेवला. चकल्या सुमनबाईंना दिल्या. जनरलला तिथेच ठेवायचं ठरलं. म्हणजे कोणी ठरवलं नाही, मी काही बोललो नाही आणि ते ठरलं.

परत येताना ढकांब्याच्या पुढे मी लतिकेला विचारलं, एवढं सगळ्यांना राखायचा, मला कधीच कसं राखलं नाही? ती बाहेर बागांकडे बघत म्हणाली, तुमच्यापासून राखायचा ना. तुमचा आवाज चढला की मध्ये येऊन बसायचा. तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?

मी म्हटलं, कळलं होतं. खरं तर कळलं नव्हतं. पुढे नाशिक येईपर्यंत गाडी चाळीसच्या वर नेली नाही.

३१ ऑक्टोबर

लतिकेला दोन दिवस दिंडोरीला राहायला जायचंय. द्राक्षबाग बघायची आहे म्हणाली, सुमनबाईंनी बोलावलंय. गुंड्याचं नाव काढलं नाही. मी पेपर वाचत होतो. जा म्हटलं.

तिला ऐकू आलं नाही. स्वयंपाकघरातून बाहेर आली, काय म्हणालात, विचारलं. पुन्हा म्हटलं. तरी तिला ऐकू आलं नाही, जवळ येऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा कळलं तिला. मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि चहा ठेवायला गेली.

घसा बसला असणार. हवा बदलते आहे.