जिना वाजला की बाहेर

१४ जानेवारी, रविवार
आईला गुढियारीतल्या तिच्या घरातून आणलं एकदाचं. स्वयंपाकघरात पडली त्याला महिना होत आला, तरी हट्ट एकच, एकटीच राहीन. शेवटी पिंकीने तिची पेटी रिक्षात टाकली, ‘चलो नानी’ म्हणाली, आणि आई निघाली मुकाट्याने. पोटच्या पोरीचं ऐकायचं नाही, नातीचं ऐकायचं.

घर आवडलं तिला. कठडा धरून पुढचा जिना चढली, व्हरांड्यात पाय पसरून बसली. रायपूर नुकतंच राजधानी झालेलं, क्वार्टर मिळेना, म्हणून आमच्या वाट्याला इंग्रजांच्या काळातल्या बंगल्याचा वरचा मजला. खाली सरकारी ऑफिस. हे अजून भोपाळलाच, बदलीचा कागद कुठे अडकलाय कोण जाणे.

मग न्हाणीघर पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबली. तिथे दुसरं दार आहे, मागच्या लोखंडी गोल जिन्यावर उघडणारं. खिळे ठोकून बंद.
“इथूनबी जिना हाये?”
“नोकरांचा होता. आता कोणी वापरत नाही.”
आज आंघोळ नको म्हणाली.

१७ जाने., बुधवार
अर्धी रजा. दुपारी घरी आले तर आई हॉलमध्ये उभी. ओलं लुगडं, खांद्यावर साबण तसाच, पायाखाली पाण्याचं थारोळं.
“आई! काय झालं?”
“जिना वाजला ना. बाहेर निघा लागते.”
खाली जाऊन पाहिलं. जिन्याच्या पायाशी वाळकी पानं, एकही तुडवलेलं नाही. पिंकीचं म्हणणं, “लोहा है मम्मी, धूप में बजता है.” असेल. पण आईचे दात वाजत होते, आणि थंडी काही एवढी नाही.

२१ जाने., रविवार
मटार सोलता सोलता आईने आपणहून सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिची माय, म्हणजे माझी आजी, नागपुरात साहेबाच्या बंगल्यावर कामाला होती. गरम पाणी वर न्यायचं, मैल्याचं भांडं खाली आणायचं. यायचं-जायचं मागच्याच जिन्याने. वर चढायच्या आधी हातातलं कडं कठड्यावर वाजवायचं, की घरचे लोक न्हाणीघरातून निघून जायचे. कोणाला ती दिसायला नको, तिलाही कोणी दिसायला नको. आई लहान होती, खाली उभी राहायची.

“लय वर्सं काम केलं तिनं. मेमसाबले तिचं कडं ओळखू ये. तोंड नाही.”
मटार तसेच टाकून मी उठले. मला रडू आलं आणि रागही आला. ऑफिसात माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे, ती उगाच डोळ्यांपुढे आली.

२८ जाने., रविवार
आज मी ऐकलं.

खालचं ऑफिस बंद, बंगला सामसूम. मी केस धूत होते. टण. जरा थांबून पुन्हा टण. लोखंडावर धातू, अगदी स्वच्छ. ऊन-बिन नव्हे ते.

भीती त्याची नाही वाटली. भीती वाटली ती माझीच. कारण दुसऱ्या टणला मी टॉवेल गुंडाळून बाहेर उभी होते आणि दार लोटून घेतलेलं होतं. कोणी सांगितलं मला बाहेर निघ म्हणून?

आई समोर बसलेली. तिला सगळं कळलं.
“निघाली ना तूबी? आपण निघतो अन् माय आत येऊन काम करून जाते. अजूनबी.”
“आई, आजी नागपूरची. ती रायपूरला कशाला येईल?”
“तिले सारे बंगले सारखेच. जिना मागंच असते.” मग म्हणाली, “मले गुढियारीले पोहचून दे. मी इथं राहून माह्या मायकून काम करवून घेऊ का?”

तिकडे परत पडली तर उचलायला कोणी नाही. दुसरं घर मला मिळत नाही. रात्रभर तेच डोक्यात.

३१ जाने., बुधवार
बांधकाम खात्यात जाऊन बसले. जिना गंजलाय, धोक्याचा आहे, काढून टाका. बाबू म्हणाला, “हव मैडम, सोमवार को कटर भेज देंगे.” इतकं सोपं होतं तर आधीच का नाही गेले!

घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं. वाटलं, आई खूश होईल. तिने माझ्याकडे पाहिलं, जशी मी वेडी.
“जिना कापला त मंग ते खाली कशी उतरन?”
पिंकी ऐकत होती, तिने टी.व्ही. बंद केला. नेहमी हसणारी पोट्टी, आज हसली नाही.

२ फेब्रु., शुक्रवार
आईने पेटी भरली. रविवार दुपारसाठी ऑटो सांगायला लावला. जेवणात मीठ कमी का, एवढंच दिवसभरात बोलली. यांचा फोन आला, त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार, आणि कोणत्या तोंडाने.

४ फेब्रु., रविवार
ऑटोवाला खाली येऊन थांबला होता. आई चपला घालत होती आणि जिना वाजला.

ती दाराकडे निघालीच होती. थांबली. वळली. सरळ न्हाणीघरात गेली आणि आंघोळीच्या स्टुलावर बसली.
“नाही निघत आज. उघड ते दार.”
पिंकीने हातोडी आणली. खिळे मी उपसले. दार उघडलं. बाहेर ऊन, गोल जिना, कोणी नाही. आई त्या मोकळ्या उन्हाकडे बघून म्हणाली,
“माय, भांडं राहू दे तिथंच. मी हावो, तुही पोट्टी. घर आपलंच हाये. ये, बस.”
आणि आम्हाला बाहेर जा म्हणून हाताने खुणावलं.

ऑटो परत पाठवला. चार वाजून गेलेत, मी न्हाणीघराबाहेर बसून हे लिहितेय. उद्या कटरवाले येणार, त्यांना काय सांगायचं ठरलेलं नाही. आई आत बोलून राहिली. मधेच थांबते, समोरून कोणी उत्तर द्यावं तितका वेळ, आणि मग हसते. असं लहान पोरीसारखं हसताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. पिंकी हळूच म्हणाली, “मम्मी, आप भी जाओ ना.”

जावंसं फार वाटतं. हात कडीवर ठेवून दोनदा मागे घेतला. आजीने मला कधी पाहिलेलं नाही. आत गेले तर ती मला नात समजेल, की मेमसाब आली म्हणून उठून जाईल?