इस्त्रीला आधी हात कोणी लावायचा

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. सध्या वाकलं की जमीन एकीकडे जाते आणि मी दुसरीकडे.) दाजींचा गुडघा काय म्हणतो? तुझी झोप आली का ताळ्यावर? तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, कापडावर खडूने आखल्यासारखं. त्यातली शेवटची ओळ वाचली आणि शिलाई बाजूला ठेवून लिहायलाच बसलो, पण तिचं उत्तर शेवटी देईन. आधी माझे पराक्रम ऐक.

अण्णा गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो आणि तू उशाशी बसून, मला काहीही न विचारता, त्यांचे जुने कोट उसवत होतीस, ते तू विसरली नसशील. मग डॉक्टरीणबाईंनी उदासीवरच्या गोळ्या दिल्या. (घराण्याने तुला अण्णांचं नाक दिलं, मला पाठदुखी दिली, आणि दोघांना मिळून ही एकच गोळी.) मी उठलो, दुकान उघडलं, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालू लागलो, म्हणजे ठणठणीतच झालो म्हणायचं. मध्यंतरी एका सकाळी दाढी करताना विचार आला, की ताप उतरल्यावर कोणी कपाळावर पट्ट्या ठेवून हिंडतं का? (हिचं म्हणणं, मी दाढी करताना विचार करतो म्हणूनच गाल कापतो.) खरं कारण सांगू? अण्णांची आठवण यायची, पण डोळ्यांत टिपूस यायचं नाही, आणि ते मला खुपत होतं. तेव्हा बाईंना न विचारता, हिला न सांगता, गोळ्यांचं पाकीट घरच्या मशिनच्या खणात बॉबिनांच्या मागे सारलं आणि ऐटीत दुकानात जाऊन बसलो. (तुला मात्र लगेच फुशारकीने कळवलं होतं.)

एकदोन दिवस मजेत गेले. मग सुरू झाले झटके. डोळे डावीकडे वळवले की डोक्यात चर्र, उजवीकडे वळवले की पुन्हा चर्र. दुसरा कोणी असता तर घाबरला असता, मला मात्र जुनं माणूस भेटल्यासारखं वाटलं, कारण हा झटका हुबेहूब आपल्या इस्त्रीचा होता. आठवते ना ती? पुढच्या खोलीतलं टेबल, त्यावर घडी घातलेलं घोंगडं, घोंगड्यावर इस्त्रीच्याच आकाराचा करपलेला डाग, आणि दमट हवेत हमखास करंट मारणारं ते धूड. अण्णांचं एकच पालुपद, 'काही होत नाही'. मी कॉलरींना इस्त्री करायला धावलो की तू मला मागे ढकलायचीस, आधी स्वतः उलट्या हाताने लावून बघायचीस, आणि निकाल द्यायचीस, 'आहे' किंवा 'नाही'. 'नाही' म्हणालीस तरच माझी पाळी. मला किती राग यायचा! पहिला मान कायम तुझा, आणि तो थोरलेपणाचा माज आहे असं मी समजत होतो. ओल्या कापडावर इस्त्री फिरली की उठणारा तो वाफेचा वास मला एकदा दुकानात आला आणि मी कात्री खाली ठेवली.

त्यानंतर जे रडं सुरू झालं ते आवरेना. आपले जुने पेन्शनर गिऱ्हाईक आले. (तेच, ज्यांच्या लग्नाचा कोट अण्णांनी शिवला होता आणि आपण गुंड्या लावल्या होत्या.) छातीचं माप घेतलं तर केवढं उतरलेलं! मी टेप त्यांच्या गळ्यात तशीच टाकून हुंदके द्यायला लागलो. ते बिचारे पांढरेफटक. शिंप्याला मापावरून आजार कळतो अशी त्यांची समजूत झाली आणि ते तडक जाऊन सगळ्या तपासण्या करून आले. काहीही निघालं नाही, पण तेव्हापासून ते माझ्याकडे आदराने बघतात. हेडमास्तरांच्या कोटाला तर मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. चक्कर येत होती, मला त्या बरोबर दिसल्या. घालून बघितल्यावर त्यांचा उजवा हात असा वळला, की जणू मागून येणाऱ्या कोणाला तरी पैसे देतायत. वर मीच त्यांच्यावर खेकसलो, की नीट उभं राहा.

आतापर्यंत हसली असशील तर बरंच आहे, पुढचं हसण्यासारखं नाही. आधीआधी रडताना बरं वाटलं, ताई. अण्णा परत भेटत होते. मग अण्णा गेले आणि रडं तेवढं राहिलं. एका दुपारी जेवायला घरी गेलो आणि परत दुकानात आलोच नाही. दुकान सांभाळत बसलेली ही शोधत घरी आली तर मी पलंगावर, तोंड भिंतीकडे. तीच भिंत, तोच पोपडा. मला फार भीती वाटली.

हिने खण उपसला, पाकीट सापडलं. आरडाओरडा केला नाही. हेडमास्तरांचा कोट घेऊन माझ्या उशाशी बसली, ब्लेडने बाह्यांचा एकेक टाका उसवत राहिली आणि म्हणाली, "गिऱ्हाइकाने लोंबता दोरा ओढला तर त्याच्या हातावर मारता. स्वतःचा मात्र ओढलात." मग माझं बखोट धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी गोळी पुन्हा चालू केली. सोडायची असेल तर सोडू, म्हणाल्या, पण माझ्या देखरेखीत, थोडीथोडी, महिनोन्महिने. झटके गोळी एकदम तोडल्याचेच होते, आता कमी आहेत. आज डावीकडे बघून चहा प्यालो, सांडला नाही.

मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. : यातलं दाजींना काही सांगू नकोस. ते मला योगासनं सुचवतील.

ता. क. दुसरा : ते पाकीट ठेवायची जागा आता हिच्या ताब्यात आहे. बॉबिनाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच : तू शेवटी लिहिलंयस, 'तुझं इतकं छान चाललेलं बघून वाटतं, मीही या महिन्यापासून माझ्या गोळ्या फेकून द्याव्यात.' ताई, फेकू नकोस. आधी तुझ्या डॉक्टरांकडे जा, कमी करायच्या तर ते करतील. जन्मात एकदा पहिली पाळी मला मिळाली. मी हात लावून बघितलाय.

आहे.