दादांच्या पावडरीने मेलेले मुंगळे

तीर्थस्वरूप सुकदेवदादांना,

रंजनाचा नमस्कार. पाया पडले असं समजा. तुम्ही, वहिनी, पोरं आणि तुमचं बियाणं-औषधांचं दुकान खुशाल असालच; दुकान तर नक्की असेल. (एरवी मी तू म्हणते. भांडायचं असलं की तुम्ही बरं पडतं.) इथल्या कैऱ्या गळाल्याचं सांगितल्यापासून तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. पोस्टमन ते वहिनींच्या हातात देईल, म्हणजे वाचलं तरी जाईल.

कडोदऱ्याजवळच्या शेठच्या आंब्याच्या वाडीत तुमचे पाव्हणे (उखा, पत्रात नवऱ्याचं नाव चालतं, हे मीच ठरवलं) राखणदार झाले, तेव्हा कापडाच्या लूमवरचं काम आणि त्याचा खडखडाट सुटला आणि दारात नळ असलेली खोली मिळाली. मी हवेतच होते. झाडांवर लाल मुंगळे होते. पानाला पान शिवून घरं करायचे आणि आल्यागेल्याला चावायचे. एका रविवारी शेठ मोहोर बघायला आले, मान वर करून उभे राहिले, आणि एक मुंगळा कॉलरमधून आत गेला. शेठ नाचले. आम्ही हसलो नाही, पण हसलो असं त्यांनी धरलं. मुंगळे घालवा नाहीतर खोली सोडा, असा हुकूम झाला. मी तुम्हाला फोन केला. गिऱ्हाईक न सोडता तुम्ही म्हणालात, "पावडर टाक अन् मोकयी व्हय!" आणि ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवलीतही. बहिणीचं काम इतक्या लगबगीने तुम्ही पहिल्यांदाच केलंत.

मुंगळे मेले. मग शेठाणी आल्या. एवढे जीव मारल्याचं पाप कोण फेडणार, तर मी. "बेन, रोज कीडियारू पूरजो," म्हणाल्या, म्हणजे पीठ, साखर, तूप कालवून मुंग्यांना घालायचं. (तूप साजूक. आमच्या पोळीला पामतेल.) मी बुंध्याबुंध्याशी घातलं. काळ्या मुंग्या जमल्या, खाऊन माजल्या आणि वर चढून पांढरे पिठ्या ढेकूण राखत बसल्या. आपण म्हैस पाळतो तशा त्या त्यांना पाळतात. त्यांच्या अंगातून गोड पाणी येतं, ते पितात. झाडावरची कीड खाऊन टाकणारे ते लाल मुंगळेच होते, हे आम्हाला कळलं तेव्हा मी त्यांना सुपलीने गोळा करून फेकून आले होते. पानं चिकट झाली, त्यांवर काळी बुरशी धरली, कैऱ्या सुपारीएवढ्या असतानाच गळाल्या. शेजारच्या मगनभाईंच्या वाडीत मुंगळे अजून चावतात आणि फांद्या कैऱ्यांनी वाकल्यात.

शेठने आम्हाला महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलं आहे. काळ्या मुंग्यांना मात्र कोणी हात लावायचा नाही; नव्या राखणदाराने त्यांचं पीठ चालू ठेवायचं. फार राग आला, दादा. रडूही आलं. पण शेठाणींसमोर रडले नाही, त्यांनी त्यातूनही पुण्य काढलं असतं.

तुमची धाकटी,
रंजना

ता. क. पावडर चांगली होती. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे सगळं मेलं. दुकानाची बदनामी मी कुठे करणार नाही.

आणखी एक. आपल्या वडिलांच्या, अण्णांच्या शेतातला माझा हिस्सा सोडून द्यायची सही घ्यायला तुम्ही अक्षय्य तृतीयेला साडी घेऊन येणार होतात. येऊ नका. सही होणार नाही. विहिरीजवळची खोली झाडून ठेवा. आम्ही दोघं आणि दोन्ही पोरं, असे चौघं सामान घेऊन येतोय. वहिनींना सांगा, पाहुण्यांसारखा स्वयंपाक नको, मी आल्यावर स्वतःची चूल मांडीन.