बाईसाहेबांची कात

३ मार्च
नव्या प्लँटमध्ये मापनाची लॅब उभी करायची ऑफर आली. लॅब माझी, राहायला कंपनीचा फ्लॅट. साहेबांना ३१ तारखेला सहापर्यंत होकार हवाय. देणारच. अडचण एकच. बाईसाहेब, म्हणजे चार महिन्यांपूर्वी आणलेली माझी टॅरँट्युला कोळीण, दहा दिवस काही खात नाहीत. कात टाकायच्या बेतात आहेत. अशात प्रवास म्हणजे जिवाशी खेळ. कात पडली की दुसऱ्याच दिवशी होकार.

६ मार्च, सकाळी ७.१०
बाईसाहेबांच्या अखंड येरझाऱ्या. पेटी २० × २० × २० सेंमी, पायांचा पसारा १३.४ (काचेबाहेरून, ± २ मिमी). उघड आहे, जागेअभावी कात अडलीय. असं कुठे वाचलेलं नाही, पण तर्क सरळ आहे.

९ मार्च
नवी पेटी, ४५ × ३० × ३०. ठेवायला माझं टेबल बाहेर काढलं. लॅपटॉप आता मांडीवर. आई म्हणाली, अगं, त्या नोकरीचं हो की नाही ते सांगून टाक ना एकदाचं. तिला प्रयोगाची शिस्त समजावली. ती म्हणाली, बरं बाई.

१४ मार्च
येरझाऱ्या दुप्पट. शिवाय काचेवर चढतात. म्हणजे दिशा बरोबर, माप अपुरं.

१६ मार्च
९० × ४५ × ४५. कपाट बाहेर. पेटी आत घेऊन मग पलंग दारालगत सरकवला. दार अर्धवट उघडतं. मी तिरकी होऊन येते-जाते. मोकळी जमीन किती उरली ते मोजलं नाही. गरज वाटली नाही. आईने फटीतून चहा दिला आणि विचारलं, यातली तुझी पेटी कुठली गं?
प्रश्न तांत्रिक नाही.

२४ मार्च
साहेबांना सांगितलं, कात ३१च्या आत नक्की, आलेख काढलाय. त्यांनी विचारलं, एकाच कोळ्यावरून? मी म्हटलं, पण पेट्या तीन आहेत.

३१ मार्च, संध्याकाळी ५.४०
कात नाही. मेल केला: परिस्थिती अनुकूल होताच होकार.
६.०५. उत्तर आलं. ऑफिसातली शेजारच्या टेबलावरची नव्या प्लँटवर जातेय, उद्याच. काही माणसांना घाई फार.

४ एप्रिल
ज्याच्याकडून बाईसाहेब आणल्या त्या दुकानदाराला बोलावलं. पोट आत घेऊन कसाबसा आला, काचेला नाक लावलं. म्हणाला, ताई, या बाईसाहेब नाहीत, साहेब आहेत. पुढच्या पायांवरचे हुकासारखे आकडे बघा. वयात आलेला नर, शेवटची कात माझ्या दुकानातच टाकून झालीय. आता कसली कात? खाणं सोडून मादी शोधत फिरतोय बिचारा.
आधी का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाला, तुम्ही नुसतं मापच विचारत होतात.
आकडे मोजले. २.१ मिमी. चार महिने दिसत होते.
मोठी पेटी परत घ्यायला तयार आहे. पण दार ४१ सेंमी उघडतं, पेटी ४५. दार पूर्ण उघडायला पलंग हलवायला हवा, पलंग हलवायला आधी पेटी बाहेर हवी. आईने फटीतून विचारलं, आणि तू?
मी आरामात जाते-येते, असं सांगितलं. तिरकी.