सत्तेचाळीस नंबरचा फोटो

सोमवार, २ जानेवारी १९५६
आज नोकरीचा पहिला दिवस. परळमधलं हे संग्रहालय म्हणजे एक मोठा हॉल आणि मागे दोन खोल्या, पण उजेड भरपूर. छायाचित्रकार मनमोहन कोठारे यांच्या फोटोंची मी यादी करायची आणि प्रत्येकाखाली लावायला चिठ्ठी लिहायची. सव्वीस तारखेला प्रदर्शन उघडणार. व्यवस्थापक तात्या बोलतात कमी, पण माणूस भला वाटला. लालबागहून पायी वीस मिनिटं. अच्युतने सकाळी स्वतः चहा केला. मालवणहून आलेली ताई ऑफिसला जाते, हे त्याने अख्ख्या चाळीला सांगून टाकलंय. धाकटा भाऊ असून माझा बाप झालाय.

बुधवार, ४ जानेवारी
फोटोंच्या चार पेट्या आहेत, एकेक उघडायची. एकूण साठ फोटो, सगळे गिरणगावातल्या माणसांचे. कोठारे राहायला गिरगावात, पण कॅमेरा घेऊन गिरण्यांच्या फाटकाशी यायचे. प्रत्येकाला त्याच एका वेताच्या खुर्चीत बसवलंय. शिवाय बारा फोटो त्यांनी स्वतःचेच काढलेत, त्याच खुर्चीत, हातात दाबून फोटो काढायचा रबरी फुगा. पहिल्यात माणूस देखणा, हसरा. बाराव्याकडे मला बघवेना, कापड टाकून ठेवलं. ते वारून तीन वर्षं झाली. काही फोटोंच्या मागे त्यांच्या हातची तारीख आहे, बाकीचे कोरे. फोटो काढल्याची तारीख असणार. यादीत उतरवली.

शनिवार, ७ जानेवारी
रखमा नावाची बाई आली. पलीकडच्याच गल्लीत राहते. तिचा नवरा दगडू नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर झालेल्या गोळीबारात गेला. त्याचा फोटो इथे आहे असं तिला कोणी सांगितलं. घरी एकही नाही. तिने पदराने काच पुसली. शेजारच्या नंबरात ती स्वतः होती, नवी नवरी. जाताना एवढंच म्हणाली, "माझो फोटो तेंच्या बाजूक लाव गो बाय." माझ्या गावची भाषा ऐकून बरं वाटलं. सोमवारी बांगड्याचं तिखलं आणते म्हणाली.
ती गेल्यावर दगडूचा फोटो उलटला. २१ नोव्हेंबर १९५५. तो गेला तो दिवस. पण कोठारे त्रेपन्न सालीच वारले. अक्षर ताडून पाहिलं. तेच वळण, तोच वाकडा नऊ. तात्या म्हणाले, मागाहून कोणी लिहिलं असेल. कोणी?

बुधवार, ११ जानेवारी
चौथी पेटी. सत्तेचाळीस नंबर उचलला आणि हसूच आलं. आमचा अच्युत! मुंबईत नवा आला तेव्हाचा, केस चोपडून बसलेला. मग उलटला.
१८ जानेवारी १९५६.

गुरुवार, १२ जानेवारी
तारखा असलेल्यांची घरं शोधत फिरले. तीन घरं सापडली. तिन्ही ठिकाणी तोच दिवस. एके ठिकाणी म्हातारी म्हणाली, त्याच दिवशी गेला, पण तुला गं कसं ठाऊक?

शनिवार, १४ जानेवारी
कोठाऱ्यांच्या बहीण, बेबीताई, गिरगावातून फोटो पाहायला आल्या. मी त्यांना कोठाऱ्यांच्या स्वतःच्या फोटोंच्या मागची बाजू दाखवली. अकरांवर तारीख लिहून खोडलेली, खाली एकेक नंबर. त्या त्या नंबरच्या फोटोमागे तीच तारीख. बाराव्यावरची खोडलेली नाही. त्याच दिवशी ते गेले.
बेबीताई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "दादा म्हणायचा, खोडता येतं गं. पण मग दुसऱ्या कुणाच्या तरी मागे लिहावं लागतं." बाराव्या वेळी त्यांचा हातच उचलला नाही म्हणे.

सोमवार, १६ जानेवारी
अच्युतच्या फोटोमागची तारीख ब्लेडने खरवडली. तासाभरात तारीख परत वर आली. जाळायचा धीर होत नाही. संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला नाही. चाळीत एकदम ओरडा झाला. अच्युत चपला न घालताच धावत गेला.

मंगळवार, १७ जानेवारी
त्याच्या पाया पडले. मी, त्याची थोरली बहीण. तो म्हणाला, ताई, सगळे जातायत, मी एकटा घरात बसू? उद्या कोंडलं तर दार फोडेल. फोटोतली गोष्ट सांगितली तर माझ्याकडे कीव करून बघत राहिला.
दुपारी संग्रहालयात आले. तात्या नव्हते. अच्युतची तारीख खोडली. हात इतका कापत होता की शाई सांडली. मग रखमाच्या मागे —
तिला मूलबाळ नाही. नवरा गेला. आता जगून काय करू, असं ती म्हणाली होती. म्हणाली होती ना? त्या सोमवारी तिखलं घेऊन आली होती तेव्हा?

बुधवार, १८ जानेवारी
चार वाजता अच्युत आला. सदऱ्यावर रक्त. त्याचं नाही. परळच्या एका गल्लीत गोळीबार झाला, एका बाईने दंडाला धरून त्याला आपल्या खोलीत ढकललं. ती दाराशीच राहिली. शेजारी तिला हाका मारत होते, त्यातून नाव कळलं.
मी विचारलं नव्हतं. त्याने आपणहून सांगितलं.

गुरुवार, १९ जानेवारी
संचारबंदी. बोळाबोळातून आले. किल्ली माझ्याकडेच. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, तिने सांगितलं होतं तसे. मग सत्तेचाळीस उलटला —
माझ्या खाडाखोडीखाली. वाकडा नऊ. २० जानेवारी १९५६.

शुक्रवार, २० जानेवारी
अच्युत पहाटेच गेला. रखमाच्या अंत्ययात्रेला. मी काय सांगून अडवणार होते —
कोरे फोटो जमिनीवर मांडलेत. ही नको, मांडीवर मूल आहे. हा नको, अच्युतएवढाच. हा म्हातारा. याचं कोणी नसेल. नसावं. नाव लिहिलेलं नाही, बरं झालं —
बाहेर माणसं पळतायत. दारावर कोणीतरी —
म्हातारा. हाच. पालथा केला. मंगळवारी हात कापत होता. आज कापत नाही. याचीच मला भीती —