उजवीकडून सातवं कौल

१ मे २००४, शनिवार
काल रिटायर झालो. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. घरात आता चार घड्याळं आणि ऑफिस कुठलंच नाही.

प्रेसमध्ये उभं आयुष्य तपासणी खात्यात गेलं. छापलेला कागद समोरून गेला आणि त्यातला डिफेक्ट माझ्या नजरेतून सुटला, असं कधी झालं नाही. छपाईच्या प्लेटवर सगळं उलटं असतं, डावं ते उजवं. नवीन पोरं गोंधळतात. मी उलटं सरळ वाचतो, सवयच आहे. साहेब भाषणात म्हणाले, ढुंढिराजपंतांची नजर आता वाया जाणार. त्यांना काय कळतंय!

संकल्प: सहाला उठणे, फिरणे, रोज लिहिणे. आज साडेआठला उठलो. महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती.

२ मे, रविवार
तनय आणि मृण्मयी जेवायला. मुलगा आणि सून. लग्नानंतर इंदिरानगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले. तनयने परत तेच दळण लावलं. नाशिक रोडचं हे बैठं घर पाडायचं, प्लॉट बिल्डरला द्यायचा, बदल्यात दोन फ्लॅट घ्यायचे. का, तर म्हणे कौलं गळतात. अरे, गळतात म्हणजे काय, स्वयंपाकघरात एका जागी टपकतं. पातेलं ठेवलं की काम भागतं.

पण असा राग आला. म्हटलं, या पावसाळ्यात घरात एक थेंब जरी पडला तर बिल्डर म्हणेल तिथे सही करीन. तनयने विचारलं, नक्की ना? म्हटलं, शब्द दिला. मृण्मयीला साक्षीदार केलं. ती बिचारी ताक वाढत होती.

आमच्या हिचं, गोदावरीचं, लाटणं थांबलं. ती दोघं गेल्यावर म्हणाली, घर पणाला लावायच्या आधी मला एका शब्दाने विचारायचं होतंत. अंगणातली जाई मी लावली आहे, तनय बाहेरच्या ओट्यावर चालायला शिकला. म्हटलं, जाई कुठे पळून चालली आहे? घर गळणारच नाही.

मग म्हणाली, सावळीरामला निरोप धाडते. हा घोटीकडचा माणूस. दर मे महिन्यात येऊन घर शाकारून जातो. म्हणजे सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी काढायची, परत लावायची. म्हटलं, अजिबात नाही. तो दर वर्षी येतो आणि तरी एक जागा गळतेच. म्हणजे सिस्टिम चुकीची आहे. आधी इन्स्पेक्शन हवं. दोषी कौल तेवढं बाहेर काढायचं, निर्दोषांना हात लावायचा नाही.

५ मे, बुधवार
आतून इन्स्पेक्शन. शास्त्रीय पद्धत: भरदुपारी खिडक्या बंद करून खोलीत अंधार करायचा, जमिनीवर उताणं पडायचं, कौलांतून जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे भेग. स्वयंपाकघराचा गुन्हेगार लगेच सापडला. खालून चौथी ओळ, उजवीकडून सातवं कौल. पाठ करून ठेवलं.

बाकीच्या खोल्यांसाठी दुपारभर पडून राहावं लागलं. गोदावरीच्या मते मी घोरत होतो. डोळे मिटूनही विचार करता येतो, हे तिला कोण सांगणार?

९ मे, रविवार
वर चढलो. शेजारून शिडी आणली. गोदावरी खाली शिडी धरून उभी, आणि तोंडाने सारखं उतरा, उतरा. साठाव्या वर्षी लोक हिमालयात जातात.

वर फार बरं वाटलं. सगळी कॉलनी दिसते. रेल्वेचे रूळ दिसतात. कोणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय, तेही दिसतं. कौलांवर हिंडून सगळा सर्व्हे केला. संशयितांवर तांबड्या ऑइलपेंटची फुली मारली, प्रेसची शिस्त म्हणून. पायाखाली मधूनमधून 'टच्च' असा आवाज येत होता. उन्हाने कौलं प्रसरण पावतात, त्याचा.

चष्मा कुठेतरी ठेवला आहे. सापडत नाही.

१० मे, सोमवार
स्वयंपाकघरावरचं सातवं कौल स्वतः बदललं. नवीन कौल जुन्यांत बसेना. थोडं घासलं. मग जरा ठोकलं. मग दुसरं आणलं. काढलेलं जुनं कौल खाली आणून गोदावरीला दाखवलं. ती म्हणाली, हे तर चांगलं दिसतंय. भेग कुठे आहे? म्हटलं, भेग आत असते, साध्या डोळ्यांना दिसत नाही. माझ्याही डोळ्यांना दिसत नव्हती, पण चष्मा नव्हता.

१३ मे, गुरुवार
निवडणुकीचा निकाल. दिवसभर टीव्हीवर जनतेचा कौल, जनतेचा कौल. सगळ्यांचे अंदाज साफ आपटले. प्रत्यक्ष तपासणी न करता बोललं की असंच होतं. गोदावरीला म्हटलं, बघ, देशाचा कौल आज लागला, आपलं कौल मी सोमवारीच लावलं. हसली नाही. विनोद चांगला होता.

१९ मे, बुधवार
पाण्याची टेस्ट. बागेचा पाइप छपरावर सोडला. बेडरूममध्ये कपाटावर पाणी आलं, देवघरात आलं, आणि स्वयंपाकघरात तर जुन्या जागीच आलं. बेडरूम आणि देवघर आजवर कधीच गळलं नव्हतं, असं गोदावरी दोनदा म्हणाली. मला एकदाच ऐकू आलं असतं तरी चाललं असतं.

निष्कर्ष: पाइपच्या पाण्याला प्रेशर जास्त. पाऊस असा पडत नाही. टेस्ट रद्द. खात्री करायला पुन्हा वर जाऊन आलो. प्रसरण अजून चालू आहे.

२४ मे, सोमवार
दगाफटका. फिरून आलो (पानाच्या ठेल्यापर्यंत) तर सावळीराम छपरावर! गोदावरीने परस्पर बोलावलेला. तो उतरला आणि चहा मागितला. बशीत ओतून फुंकत फुंकत प्यायला, मग दुसरा मागितला. मग मला म्हणाला, "साहेब, लय नासधूस हाय वर. माकडं आलती काय?"

मी म्हटलं, हो. आलती. टोळीच होती.

त्यावर सावळीराम बराच वेळ माकडांना शिव्या देत होता. मीही दिल्या. मग त्याने खिशातून माझा चष्मा काढला. पन्हळीत पडला होता म्हणे. गोदावरीने तो पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. सावळीराम हात धुवायला गेल्यावर म्हणाली, या कॉलनीत आल्यापासून मी एकही माकड पाहिलं नाही, आणि चष्मेवालं तर नाहीच.

सावळीरामचं म्हणणं एकच, सगळं छप्पर उतरवावं लागेल. म्हणजे माझ्या फुल्या, माझा सर्व्हे, सगळं मातीत. म्हटलं, सरसकट नको, फुली मारलेली तेवढी काढ. तो म्हणाला, तसं मला जमत नाय. मग नको, म्हटलं. तो इगतपुरीच्या कामावर निघून गेला. तिकडे पाऊस लवकर लागतो, लोक हुज्जत घालत नाहीत. आता दिवाळीपर्यंत सापडणार नाही. गोदावरी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेली होती. परत आली ती थेट जाईला पाणी घालायला. सकाळीच घातलं होतं.

२ जून, बुधवार
गोदावरीने बाजारातून प्लॅस्टिकचा मोठा कागद आणला. कौलांवर टाकू म्हणते. म्हटलं, लोक काय म्हणतील? तपासनिसाचं घर आणि वर प्लॅस्टिक? माझ्या तपासणीवर हा उघड अविश्वास झाला. कागद माळ्यावर टाकला.

उद्यापासून सहाला उठणे.

१४ जून, सोमवार
पाऊस. स्वयंपाकघरात, जुन्या जागी, ओल. थेंब म्हणता येणार नाही. दव म्हणता येईल. देवघरातही थोडं दव. बेडरूममध्ये जरा जास्त दव, गादी वाळत घातली आहे.

गोदावरीने खाली पातेलं ठेवलं आणि त्यात फडकं टाकलं. आवाज बंद. मला हे फार पटलं. थेंब म्हणजे काय? जो वाजतो तो. वाजत नाही त्याला थेंब का म्हणायचं?

संध्याकाळी तनयचा फोन. घर कसं आहे, असं विचारत होता. गोदावरी म्हणाली, कोरडं ठणठणीत आहे. बघा! शेवटी तिलाही पटलंच की.

८ जुलै, गुरुवार
सलग तीन आठवडे घरात एक थेंब नाही. सिस्टिम शंभर टक्के यशस्वी.

(पाऊसच नाही. पेपरात पाणीकपातीच्या बातम्या आहेत. पण त्याचा इथे संबंध नाही.)

तनयला फोन करून सांगितलं, बिल्डरला म्हणावं दुसरा प्लॉट बघ.

३१ जुलै, शनिवार
परवापासून धो धो. घाटाकडे तर म्हणे चार हातांवरचं दिसत नाही. घरात दव बरंच. गोदावरी सकाळपासून सामान हलवते आहे. फ्रिज इकडे, कपाट तिकडे, देव्हारा स्टुलावर. कुठे पडतं आणि कुठे नाही हे तिला न बघता कळतं. माळ्यावरून तो प्लॅस्टिकचा कागद काढून गाद्यांवर घातला. गाद्यांवर माझी हरकत नाही.

उद्या तनय आणि मृण्मयी जेवायला. अधिक श्रावण आहे, अनारसे केलेत. येऊ देत. डोळ्यांनी बघू देत.

१ ऑगस्ट, रविवार
लिहावंसं वाटत नाही. पण रोज लिहायचा नेम आहे.

जेवणं स्वयंपाकघरातच. पाट गोदावरीने मांडले होते. तनय भिंतीशी, मृण्मयी दाराशी, मी मध्ये. बाहेर नुसता कोसळत होता, आणि आमच्या पानांत एक टिपूस नाही. तनयने दोनदा वर बघितलं, दोनदा माझ्याकडे बघितलं. तिसरा अनारसा घेताना म्हणाला, मानलं बाबा तुम्हाला. राहू दे घर. सांगतो मी बिल्डरला.

गोदावरीने त्याला चौथा अनारसा वाढला. पुष्कळ दिवसांनी ती हसलेली पाहिली.

तिथे हात धुऊन मोकळं व्हायचं. पण लोकांना सिस्टिम समजायला हवी की नको? मी पाटावरून उठलो, त्यांनाही उठवलं, ओट्यापाशी नेलं. वर बोट केलं. खालून चौथी ओळ, उजवीकडून सातवं, बघा नवं कोरं कौल. मृण्मयी बराच वेळ मान वर करून बघत होती. मग म्हणाली, बाबा, नवं तर तिकडे आहे, डावीकडून सातवं. आतून मोजलंत तेव्हा तुमचं तोंड बाहेरच्या भिंतीकडे होतं, आणि वर चढलात तेव्हा घराकडे. उलटं झालं असणार. प्लेटवर होतं ना, तुम्हीच सांगता, तसं.

मी म्हटलं, शक्यच नाही. उजवीकडच्या सातव्या कौलाखाली जाऊन उभा राहिलो आणि निरखून बघायला चष्मा सावरून मान वर केली.

थेंब चष्म्यावर पडला. वाजला.

मग त्याच्यामागून बरेच पडले. म्हटलं, घाम आहे. तनय जमिनीकडे बघत म्हणाला, जाऊ दे बाबा, एवढ्याने काय होतं? मी काही पाहिलंच नाही. चांगला आहे पोरगा. पण मीही शब्दाचा पक्का. सगळ्यांच्या देखत म्हटलं, थेंब पडला, सही करणार. पस्तीस वर्षांत डिफेक्ट दिसला आणि तो पास केला, असं माझ्या हातून झालं नाही.

ती दोघं गेली. गोदावरी उष्टी ताटं उचलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, मी सगळ्यांना बरोबर कोरड्या जागी बसवलं होतं."

२ ऑगस्ट, सोमवार
सहाला उठलो. झोपच नव्हती.

११ जून २००६, रविवार
बरेच दिवस लिहिलं नाही. शिफ्टिंग होतं. आता इथेच, त्याच प्लॉटवर, दुसऱ्या मजल्यावर. समोरच्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये तनय आणि मृण्मयी. घर छान आहे. डोक्यावर स्लॅब. कौलांची कटकट कायमची मिटली. व्यवहार मी अगदी योग्य वेळी केला, असं सगळ्यांना सांगतो.

जाईची फांदी गोदावरीने तेलाच्या डब्यात लावली आहे. गॅलरीत ऊन कमी. पानं येतात, कळी धरत नाही.

आज ओट्यापाशी चहा घेताना वर बघितलं तर स्लॅबला ओल. चांगली परातीएवढी, मध्ये पाणी साठलेलं. बघता बघता टपकलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. अंगात एकदम उत्साह आला. स्टूल आणलं, टॉर्च आणला, पेन्सिल कानाला लावली. म्हटलं, हे काय, सोपं आहे. उजव्या भिंतीपासून दोन हात. आता वर जातो, नीट बघतो, फुली मारून येतो. या वेळी डावं-उजवं लक्षात ठेवून.

गोदावरी गॅलरीत डब्यातल्या जाईला पाणी घालत होती. तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, "वर आता दुसऱ्यांचं घर आहे."

स्टूल जागेवर ठेवलं. जुनं पातेलं शोधलं, सिंकखाली होतं. ओलीखाली ठेवलं. त्यात फडकं टाकलं.